नवीन आणलेलं लेदर कोरल पाच दिवस झाले तरी उघडत नाही, काय करू?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: घोडबंदर रोडला घरी ७० लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा प्रवाळांचा टँक आहे, कुर्ल्याहून टोडस्टूल लेदर हे मऊ (सॉफ्ट) कोरल आणलं, दुकानात ते छान फुललेलं होतं आणि घरी आल्यापासून मिटून बसलंय. वरचा भाग गुळगुळीत, मेणचट दिसतोय. तुम्ही रोज त्याची जागा बदलून बघताय, आणि कुणीतरी लाईट वाढवायला सांगितलंय.

लाईट वाढवू नका. आणि आज ते जिथे आहे तिथेच, शक्यतो खाली वाळूजवळ, राहू द्या. मी नेरुळला राहते, सॉफ्ट कोरल ठेवायला लागून बरीच वर्षं झाली. नवीन कोरल दगावतात तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं. माणूस पिशवीतून पाण्यात सोडण्याच्या त्या एका तासाला फार जपतो आणि पुढच्या तीन आठवड्यांत मात्र त्याला धीर धरवत नाही. कोरल खरं तर त्या तीन आठवड्यांतच रुळतं.

आधी त्या मेणचट थराबद्दल. लेदर कोरल, म्हणजे सार्कोफायटन, मधूनमधून अंगावर एक पातळ पापुद्रा आणतं आणि टाकून देतं. अंगावर बसलेलं शेवाळ, गाळ त्याच्याबरोबर निघून जातो. जागा, पाणी किंवा उजेड बदलला की हे हमखास होतं. त्या काळात पॉलिप, म्हणजे फुलासारखी दिसणारी बारीक तोंडं, आत असतात, रंग फिका वाटतो, आणि हे काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत चालू शकतं. पापुद्रा बोटाने सोलू नका, खालची कातडी फाटते. त्याला हवा असतो पाण्याचा प्रवाह. वेव्हमेकरचा, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाचा, झोत थेट अंगावर नको, पण पाणी इकडून तिकडून हलतं राहिलं पाहिजे. फारच चिकटून राहिला तर ड्रॉपरने लांबून हलकं पाणी मारा. रोज जागा बदलल्यामुळे त्याला रोज नवा उजेड आणि नवा प्रवाह मिळतोय, म्हणजे जुळवून घेण्याची सुरुवात रोज पहिल्यापासून.

ते मरतंय का, हे ओळखायचं असेल तर देठ बघा. देठ ताठ आणि घट्ट असेल, मांस कुठे गळत नसेल, तर काळजी नको. बुडाशी काळपट-तपकिरी डाग पडून तो भाग लिबलिबीत झाला, तुकडे सुटायला लागले, पाण्याबाहेर काढल्यावर कुजका वास आला, तर मात्र थांबू नका. धारदार ब्लेडने कुजलेला भाग थोड्या चांगल्या भागासकट कापून टाका. लेदर कापलेलं सोसतं, चांगला उरलेला तुकडा पुन्हा वाढतो.

आता लाईट. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते उजेडावर जे अन्न बनवतं त्यातूनच त्याची बरीचशी भूक भागते. कमी उजेडातून आलेल्या कोरलवर एकदम तीव्र उजेड पडला की या शैवालाला तो पेलवत नाही. ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि कोरल ते शैवाल बाहेर टाकायला लागतं. यालाच आपण ब्लीच होणं म्हणतो. दुकानातल्या टाकीत उजेड किती होता हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून तो कमीच होता असं धरून चालणं सुरक्षित. पार मीटर (शैवालाला वापरता येणारा उजेड मोजणारं यंत्र) मिळाला तर ५० च्या आसपास सुरुवात करा आणि दोन-तीन आठवड्यांत १०० पर्यंत न्या. लेदरला त्याहून फार जास्त लागत नाही. मीटर नसेल तर एलईडी निम्म्यावर आणा, पांढरा चॅनेल त्याहूनही खाली, आणि आठवड्याला थोडा थोडा वाढवा. काही लाईटमध्ये ॲक्लिमेशन मोड, म्हणजे उजेड आपोआप हळूहळू वाढवायची सोय, असतो, तो यासाठीच असतो.

पाण्याचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, आणि माझी खरी शंका तिथेच आहे. क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५ ते १.०२६ हवी. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यावरून क्षारता दाखवणारं यंत्र) असेल तर तो ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने लावून घ्या. साध्या पाण्याने शून्यावर आणलेला मीटर वरच्या टोकाला चुकू शकतो. काट्याच्या हायड्रोमीटरवर बुडबुडे चिकटले की आकडा हमखास चुकतो. काही दुकानांत मासे आणि कोरल एकाच पाण्यात असतात आणि ते पाणी १.०२० च्या आसपास ठेवलेलं असतं. तिथून थेट १.०२६ मध्ये आलेलं कोरल मिटणारच.

म्हणून पुढच्या वेळी पिशवी उघडली की सगळ्यात आधी पिशवीतलं पाणी मोजा. फरक अगदी थोडा असेल तर बंद पिशवी १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान सारखं करणं पुरेसं आहे. फरक मोठा असेल तर थेंब-थेंब पाणी सोडा. मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणा, त्याच्या चाकाने वेग छान धरता येतो. सेकंदाला दोन-तीन थेंब, साधारण तासभर. पण भांडं पंख्याखाली किंवा एसीत ठेवलंत तर क्षारता जुळेपर्यंत तापमान बिघडतं, तेव्हा भांडं टँकमध्येच टेकवून ठेवता आलं तर उत्तम. दुकानातलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

आता आपल्याकडचा एक खास प्रश्न, जो परदेशी व्हिडिओंत कुणी सांगत नाही. तुम्ही मीठ कालवायला आणि उडालेलं पाणी भरायला स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी वापरता का? आपल्या घरगुती आरओमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, म्हणजे गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं परत मिसळतं, किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. अलीकडे तर तांबं मिसळणारे प्युरिफायर घरोघरी आहेत. माणसाला ते ठीक असेल, पण तांबं कोरल, गोगलगायी, झिंगे यांच्यासाठी विष आहे, अगदी थोडंसुद्धा. घरचा प्युरिफायर तसला असेल तर आजच त्याचं पाणी बंद करा. टँकसाठी वेगळा आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारा फिल्टर) घ्या आणि टीडीएस मीटरवर शून्य येतंय ना ते बघा. जवळच आहे म्हणून खाडीचं पाणी वापरायचा विचार कुणी सुचवला तर अजिबात ऐकू नका. ठाणे खाडीत गोडं पाणी, सांडपाणी आणि गाळ सगळं मिसळतं.

दुसरा आपल्याकडचा प्रश्न उकाड्याचा. लेदरला २५-२६ अंश बरं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये बंद फ्लॅटमधला टँक लाईट आणि पंपांच्या उष्णतेने सहज ३० च्या वर जातो. पृष्ठभागावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी थंड होतं, पण आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तो उपाय अपुरा पडतो. चिलर (टँकचं पाणी थंड करणारं यंत्र) परवडत असेल तर तो घ्या, नाहीतर खोलीचा एसी. पंखा लावलात की पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. तुमच्या ७० लिटरमधून दिवसाला दीड लिटर उडालं तर ३५ चे जवळपास ३५.८ होतात. तीन दिवस लक्ष दिलं नाही तर ३७ च्या पुढे. भरायचं ते साधं आरओ-डीआय पाणी, मीठ घातलेलं नाही, आणि रोज. छोट्या टँकमध्ये कोरल मिटण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. तुमच्याकडे दिवसाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वेगळा येतो का ते दोन दिवस मोजून बघा.

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. सॉफ्ट कोरलना थोडं पोषण पाण्यात लागतं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (दशलक्षात इतके भाग) असेल तर छान. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याचा पीएच सांभाळून धरणारे कार्बोनेट, ८-९ डीकेएचवर (त्याचं मोजमाप) स्थिर ठेवा. आत्ता मिटलेल्या कोरलला खाऊ घालू नका, ते पाण्यात कुजण्यापलीकडे काही होणार नाही.

टँकमध्ये आणखी काय आहे? लेदर शेजाऱ्यांशी रसायनांनी लढतं. ते पाण्यात टर्पीन गटातली द्रव्यं सोडतं आणि त्यामुळे इतर कोरल खुरटतात, आणि इतर सॉफ्ट कोरलही हेच करतात. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा, दर महिन्याला बदला, आणि लेदरभोवती वीतभर तरी मोकळी जागा सोडा. मिटलेल्या कोरलवर कधीकधी कार्बन बदलल्यावर दुसऱ्या दिवशी फरक दिसतो, तेव्हा हा उपाय आजच करा.

पुढे तुम्ही झोअँथिड (बटणांसारखे रंगीत, कोरलचे नातलग) घ्याल, बहुतेक सगळेच घेतात, म्हणून आत्ताच सांगते. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू नका, आणि त्यांचे दगड कधीही उकळू नका, त्या वाफेने माणसं दवाखान्यात पोचली आहेत. कुठलंही नवीन कोरल टँकमध्ये घालण्याआधी वेगळ्या भांड्यात कोरल डिपमध्ये (कीड मारणाऱ्या द्रावणात) बाटलीवर लिहिलं असेल तितका वेळ बुडवा आणि बुडाशी, खाचांत, अंडी किंवा छोटे न्यूडिब्रँक (कोरल खाणाऱ्या बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) दिसतात का ते भिंगाने बघा.

आणि घेताना काय घेतोय याकडे लक्ष द्या. दगडी कोरल, समुद्री पंखे, फायर कोरल, काळं कोरल आणि ऑर्गन पाईप कोरल हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. कुणी ‘मिळतंय’ म्हणून दाखवलं तरी हात लावू नका. मला विचाराल तर सॉफ्ट कोरलसुद्धा दुसऱ्या शौकिनाच्या टँकमध्ये कापून वाढवलेला तुकडाच घ्यावा. समुद्राचं नुकसान नाही, आणि तो तुकडा टँकच्या आयुष्याला आधीच सरावलेला असतो. ठाणे-नवी मुंबईत असे तुकडे आनंदाने देणारे लोक आहेत, कारण लेदर वाढलं की कापावंच लागतं.

तर या आठवड्यात लाईट निम्मा, जागा तीच, कार्बन नवा, आणि रोज साधं पाणी भरणं एवढंच करा. पॉलिप आधी कडेने, एखाद-दुसरे असे बाहेर येतील. दोन आठवड्यांनीही काहीच हालचाल नसेल तर इथेच क्षारता, तापमान, अल्कलिनिटी, नायट्रेट आणि कुठलं पाणी वापरता ते लिहा, आणि पांढऱ्या उजेडात काढलेला देठाचा फोटो टाका. निळ्या उजेडातल्या फोटोवरून काहीच सांगता येत नाही.