लेक म्हणते शोधनिबंध तपासायचे, पण यात नोकरी आहे का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईने लिहिलं आहे: मुलगी सयाजीराव विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रीप्रिंट कॉम्प्युटरने तपासायचं काम तिला करायचंय. त्यासाठी एम.एस्सी. सोडून डेटा सायन्सचा कोर्स करते म्हणते. यात नोकरी मिळते का? आणि सगळं मशीनच करणार असेल, तर माणूस कशाला लागेल?

ताई, तुमचा शेवटचा प्रश्नच कळीचा आहे.

प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच सगळ्यांना खुला केलेला शोधनिबंध. 2020 मध्ये कोविडवरचे असे हजारो निबंध मेडआर्काइव्ह आणि बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या वेबसाइटवर येऊ लागले आणि वाचणारी माणसं पुरेनात. तेव्हा काही संशोधकांनी आपापली सॉफ्टवेअर जोडून 'स्क्रीनआयटी' ही यंत्रणा उभी केली. त्यातलं ऑडपब डेटा आणि कोड खुला केलाय का ते शोधतं, बारझूका चुकीच्या जागी वापरलेले बार ग्राफ पकडतं. साडेसहा हजारांवर निबंध तपासले, तर डेटा खुला करणारे जेमतेम 14 टक्के निघाले.

बार ग्राफवर एवढा कटाक्ष का, हे मुलीला जरूर विचारा. एका गटात सगळ्या रुग्णांना थोडा थोडा गुण आलेला असतो, दुसऱ्यात दोघांनाच भरपूर आणि बाकीच्यांना काहीच नाही. सरासरी सारखी, म्हणून बारही सारखाच उंच. मूळ आकड्यांचे ठिपके दाखवल्याशिवाय हा फरक दिसतच नाही, आणि औषध कुणाला द्यायचं ते यावरच ठरतं. तुमच्या मुलीला हे काम महत्त्वाचं वाटतं याचा मला मनापासून आनंद आहे.

पण निष्कर्ष बरोबर आहे का, हे ही सॉफ्टवेअर सांगत नाहीत. ब्लाइंडिंग म्हणजे कुणाला कोणता उपचार मिळाला हे झाकून ठेवणं. निव्वळ गणिती मॉडेलच्या निबंधालाही 'ब्लाइंडिंगचा उल्लेख नाही' असा शेरा मिळू शकतो, जिथे रुग्णच नाहीत! लेखकाने अभ्यासाच्या मर्यादा लिहिल्या एवढं मशीनला कळतं. सगळ्यात मोठी मर्यादा गाळली, हे प्रयोग केलेल्या माणसालाच कळतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तिने एम.एस्सी. सोडू नये. प्रयोगशाळेचा हात नसलेले प्रोग्रामर पुष्कळ आहेत.

नोकरीचं म्हणाल तर निव्वळ याच कामाच्या जागा थोड्या आहेत, हे गृहीत धरूनच चाला. मात्र हीच कौशल्यं प्रकाशन संस्थांच्या रिसर्च इंटिग्रिटी (संशोधनातला प्रामाणिकपणा तपासणाऱ्या) विभागांत, क्लिनिकल ट्रायल घेणाऱ्या कंपन्यांच्या डेटा विभागांत आणि मेडिकल रायटिंगमध्ये लागतात. पुढे पीएच.डी. करायची असेल, तर संशोधनाच्या पद्धतींवरच संशोधन करणारे गट परदेशात आहेत. बर्लिनला तर नक्कीच.

तिने आता संख्याशास्त्र पक्कं करावं आणि 'आर' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी. ऑडपब त्याच भाषेत आहे आणि फुकट मिळतं. आपल्या विषयातले वीस प्रीप्रिंट घेऊन डेटा खुला आहे का ते आधी स्वतः वाचून नोंदवावं, मग ऑडपब चालवावं. दोघांचं जिथे जुळत नाही, ते निबंध घेऊन गाईडकडे जावं आणि शेवटच्या सत्राचं डेझर्टेशन त्यावर करता येईल का ते विचारावं. गाईड नाही म्हणाले, तर संख्याशास्त्र विभागात विचारून बघावं.