एअर फिल्टरमधून ऑइल आलं म्हणून लगेच इंजिन खोलू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१३ची हार्ले-डेव्हिडसन आयर्न ८८३, सेकंडहँड घेतलेली, ३१,००० किमी झालेली. एअर फिल्टरच्या खालून ऑइल गळतं, सकाळी टकटक आवाज येतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. गॅरेजवाले म्हणाले, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. माझ्याकडे हीच गाडी अकरा वर्षं आहे आणि सर्व्हिस मी घरीच करतो. कळकळीने सांगतो, अजून एकाही नटला हात लावू देऊ नका. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंय, पण त्यात निळ्या धुराचा उल्लेख कुठेच नाही. रिंगा खरंच गेल्या असत्या तर ऑइल जळून तो तुम्हाला आधी दिसला असता.

पहिला प्रश्न, ऑइलची पातळी तुम्ही कधी बघता? सकाळी, गाडी थंड असताना? तसं असेल तर बहुतेक सगळं उत्तर तिथेच आहे. आपल्या रोजच्या गाड्यांमध्ये ऑइल इंजिनच्या तळाशीच असतं. स्पोर्टस्टरचं, म्हणजे आयर्न ८८३ ज्या मालिकेतली आहे तिचं, तसं नाही. तिचं ऑइल सीटखालच्या वेगळ्या टाकीत असतं, पंप ते इंजिनला देतो आणि परत टाकीत आणतो. गाडी चार दिवस उभी राहिली की टाकीतलं थोडं ऑइल हळूहळू इंजिनात झिरपतं. मग डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी कमी दिसते आणि माणूस वरून ऑइल ओततो. गाडी सुरू झाली की इंजिनातलं ऑइल टाकीत परत येतं आणि टाकी गरजेपेक्षा जास्त भरते.

जास्तीचं ऑइल जाणार कुठे? या इंजिनाचा श्वास, म्हणजे आत दाबली जाणारी हवा, दोन्ही सिलिंडरच्या हेडमधून, पोकळ बोल्टांवाटे, थेट एअर फिल्टरच्या डब्यात सोडलेली आहे. त्या हवेबरोबर ऑइल बाहेर येतं आणि फिल्टर उजव्या बाजूला असल्यामुळे तुमच्या उजव्या पायावर पडतं. माझ्या पहिल्याच वर्षी मी थंड गाडीत असंच पाव लिटरच्या वर ऑइल घातलं आणि साताऱ्याला निघालो. खंबाटकी चढून चहाला थांबलो तेव्हा उजवा बूट ओला होता, नडगीपर्यंत पँटला ऑइल. मीही तेव्हा इंजिन गेलं असंच समजलो होतो. घरी आल्यावर मोठ्या सिरिंजला नळी लावून टाकीतून जास्तीचं ऑइल ओढून काढलं. गळती तिथेच थांबली.

म्हणून आधी एवढंच करा. वीसेक किलोमीटर गाडी चालवून पूर्ण गरम करा, एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, बंद करा आणि लगेच पातळी बघा. गाडी सरळ धरायची की साइड स्टँडवर, हे तुमच्या वर्षाच्या ओनर्स मॅन्युअलप्रमाणे करा, कारण त्याने डिपस्टिकवरचा आकडा बदलतो. पातळी वरच्या खुणेला लागली किंवा वर गेली असेल तर ऑइल काढून दोन खुणांच्या मध्यावर आणा. मी कायम मध्यावरच ठेवतो. पूर्ण ऑइल चेंजला फिल्टरसह साधारण २.६५ लिटर लागतं, त्यामुळे तीन लिटरचा डबा आणला म्हणून सगळा रिकामा करायचा नाही. एअर फिल्टरचा डबा आतून पुसून घ्या, ऑइलने भिजलेला फिल्टर बदला, दोनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा उघडून बघा. आत नुसता ओलसर थर असेल तर तो या इंजिनाला चालतो, थेंब गळायला नकोत.

पातळी बरोबर असूनही थेंब येत असतील तर पुढचा संशय रॉकर कव्हरमधल्या (हेडवरच्या झाकणातल्या) श्वासाच्या रबरी व्हॉल्व्हवर. छोट्या छत्रीसारखा असतो. दहा-बारा वर्षांत रबर कडक होतं, नीट बसत नाही आणि हवेबरोबर ऑइल वर खेचलं जातं. पेट्रोलची टाकी उचलून रॉकर कव्हर काढावं लागतं, गॅस्केट नवं लागतं. इंजिन उतरवण्यापुढे हे काम काहीच नाही.

आणि रिंगांचीच शंका घ्यायची असेल तर ती मोजून घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन गरम, दोन्ही प्लग काढून अर्थ केलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, गेजने बघा. दोघांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. ज्याचं कमी येईल त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. अर्ध्या तासाचं काम आहे. जो मेकॅनिक हे न करता इंजिन खोलायचं म्हणतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

सकाळच्या टकटकीची काळजी करू नका. या इंजिनात टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, हायड्रॉलिक आहेत, ऑइलच्या दाबावर चालणारे. गाडी उभी असताना त्यांतलं ऑइल उतरतं, सुरू केल्यावर भरेपर्यंत आवाज येतो. टॅपेट सेटिंग म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, इथे ते सेटिंग नसतंच. गरम झाल्यावरही टकटक राहिली तर सायलेन्सरचा पाइप हेडला जिथे बसतो तिथे बोट फिरवून बघा, अर्थात गाडी गार झाल्यावर. काजळी लागली तर तिथलं गॅस्केट फुंकतंय.

न्यूट्रल सापडत नाही ते बहुधा क्लच पूर्ण सुटत नसल्यामुळे. क्लच सेट करायचं हे काम मात्र स्वतः करा, मजा येते. गाडी थंड हवी. आधी क्लच वायर पूर्ण ढिली करा. डाव्या बाजूचं गोल डर्बी कव्हर (क्लचवरचं झाकण) टॉर्क्स टी-२७ या चांदणीच्या आकाराच्या पान्याने काढलं की आत स्प्रिंग आणि षटकोनी लॉक प्लेट दिसते. ती ओढून काढा. मधला स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा, कुठेतरी तो टेकल्याचं बोटांना कळतं. तिथून पाव फेरा घड्याळाच्या दिशेने. लॉक प्लेट खाचेत बसत नसेल तर त्याच दिशेने जरासा पुढे सरकवा, मागे नको. मग वायर ताणून लिव्हरला दीड ते तीन मिमी मोकळीक ठेवा. सोबत प्रायमरीचं, म्हणजे क्लच असलेल्या डाव्या बाजूच्या डब्याचं, ऑइल बदला, ९५० मिली. गिअर आणि क्लच दोघांना तेच ऑइल आहे आणि सेकंडहँड गाडीत ते बहुधा कुणी बदललेलंच नसतं.

एक विनंती, इंचाचे पाने घ्या. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की कोपरे मारतो. माझ्याकडे बघायला आलेल्या दोन गाड्यांचे नट असेच गोल झालेले होते.

गरम गाडीची पातळी आणि जमल्यास कॉम्प्रेशनचे दोन्ही आकडे इथे लिहा. पुढचं आपण ते बघून ठरवू.