रेल्वेची नोकरी नंतर, आधी डॉक्टर

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, सतरावं चालू आहे. सहावीपासून बास्केटबॉल खेळते. गार्ड आहे, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारी, उंची 5 फूट 4 इंच. शालेय राज्यस्पर्धा दोनदा खेळली. यांचं म्हणणं असं, की तिनं सायन्स सोडून आर्ट्स घ्यावं, म्हणजे सरावाला वेळ मिळेल आणि स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागेल. यांनी तिच्या सगळ्या सर्टिफिकेटांची फाइल केली आहे. आतापर्यंत खर्चही खूप झाला आहे. दीड महिन्यावर ज्युनिअर राज्य संघाची निवड चाचणी आहे. कोचनी वजन कमी करायला सांगितलं, म्हणून ती डाएटवर आहे. नडगी दुखते, पण चाचणी होईपर्यंत कोचना सांगायचं नाही असं यांनी ठरवलं आहे. चार महिने पाळी आलेली नाही, पण खेळाडू मुलींचं असं होतंच म्हणतात. आर्ट्स घ्यावं का? आणि कोणत्या लेव्हलच्या सर्टिफिकेटवर नोकरी पक्की होते? (एक आई, सातारा जिल्हा; पत्र संक्षिप्त केलं आहे)

उत्तर :

ताई, आर्ट्स की सायन्स ते पुढे सांगते, त्याला फार वेळ लागणार नाही. तुमच्या पत्रातलं पाळीचं वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. माझ्या दृष्टीनं अख्ख्या पत्रात त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

खेळाडू मुलींचं 'असं होतंच' हे खरं नाही. बऱ्याच मुलींचं होतं आणि घरात, मैदानावर कुणी त्यावर बोलत नाही, एवढंच खरं आहे. तिचं दिवसभराचं खाणं तुम्ही लिहिलंय : पहाटे साडेपाचला रिकाम्या पोटी ग्राउंड, आल्यावर एक सफरचंद, कॉलेजच्या डब्यात एक पोळी आणि काकडी, संध्याकाळी दोन तास सराव, रात्री सूप. भात बंद, तूप बंद. वाढत्या वयाची मुलगी दिवसातून दोनदा धावते, उड्या मारते आणि एवढ्यावर राहते. पोटात जातं त्यापेक्षा खर्च जास्त झाला की शरीर काटकसर सुरू करतं आणि ज्या गोष्टींवाचून तूर्त चालेल त्या आधी बंद करतं. पाळी त्यातलीच. पण पाळीबरोबर इस्ट्रोजेन हे संप्रेरकही घटतं आणि हाडांना ते लागतं. हाडांची भरणी मुख्यतः विशीच्या आसपासपर्यंत होते, म्हणजे तिची हीच वर्षं त्यासाठी आहेत. या स्थितीत रोज कठीण कोर्टवर उड्या मारल्या की नडगीच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते. आधी फक्त खेळताना दुखतं, मग जिना उतरताना, मग रात्री अंथरुणात. एका बोटानं दाबून 'इथंच दुखतं' अशी नेमकी जागा ती दाखवू शकते का, हे आजच बघा.

निदान मी करणार नाही, ते डॉक्टरांचं काम. थायरॉइड असेल, पीसीओएस हा बीजाशयांचा विकार असेल, रक्त कमी असेल, सगळं तपासावं लागेल. पण लागोपाठ तीन महिने पाळी चुकली की डॉक्टरकडे जायचं, हा साधा नियम आहे आणि तुम्ही तो ओलांडला आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना तिचा सराव किती आणि खाणं किती हे कागदावर लिहून न्या, नाहीतर पाळी आणायची गोळी देऊन विषय संपेल. गोळीनं रक्तस्राव होतो, खाण्याची तूट तशीच राहते. नडगी वेगळ्या डॉक्टरांना दाखवा. शक्यतो खेळाडूंच्या दुखापती बघणारे हाडांचे डॉक्टर गाठा. सुरुवातीची चीर कधी कधी साध्या एक्सरेत दिसतच नाही, एमआरआय लागतो. म्हणून 'एक्सरे नॉर्मल आहे, खेळू दे' एवढ्यावर घरी येऊ नका.

आता तुमच्या यजमानांबद्दल. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

साहेब, दुखणं लपवायचं ठरलं ते तुमच्या घरात, आणि ठरवलंत तुम्ही. चाचणीत लंगडत खेळलेली मुलगी निवडली जात नाही आणि निवडली गेलीच तर शिबिरात दोन्ही वेळच्या सरावात पायाचं दुखणं उघडं पडतं. मग महिन्याभराच्या विश्रांतीनं जे भागलं असतं त्याला सहा महिने लागतात. तुमच्या पत्नीनं लिहिलंय की सामना झाला की घरी येईपर्यंत गाडीत तुम्ही तिच्या चुका मोजता, आणि फ्री थ्रो चुकला त्या दिवशी रात्रीपर्यंत तिच्याशी बोलत नाही. फ्री थ्रो चुकणं हा खेळाचा भाग आहे. भारतीय संघातल्या मुलीही चुकतात. पण बापाचं बोलणं पॉइंटवर अवलंबून आहे हे एकदा पोरीला कळलं, की ती दुखणं सांगत नाही, भूक सांगत नाही, पाळीचंही सांगत नाही. आत्ता तुमच्या घरात हेच चाललंय. झालेल्या खर्चाचा आकडा तिच्यासमोर काढता, तेही थांबवा. सहावीतल्या मुलीनं तुमच्याकडे उधार मागितलं नव्हतं.

पत्रात 'यांचं म्हणणं' आहे, 'कोच म्हणाले' आहे. पोरीचं स्वतःचं एक वाक्यही नाही. तिला खेळायला आवडतं का, याबद्दल आईनं एवढंच लिहिलंय, 'ती नाही म्हणत नाही.' ज्या घरात नाही म्हणायची सोय नाही, तिथल्या या उत्तरावर मी कुठलाही सल्ला उभा करणार नाही.

एक मात्र मान्य करते. रेल्वेचा विचार मुळात चुकीचा नाही. आपल्याकडे मुलींना बास्केटबॉल खेळण्याचा पगार देईल अशी व्यावसायिक लीग अजून रुजलेली नाही. पोट भरतं ते नोकरीवर, आणि ती नोकरी देण्यात रेल्वे सर्वांत पुढे. केरळच्या बास्केटबॉलपटू गीतू अॅना जोस 2011 मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या तीन संघांकडे चाचणी देऊन आल्या. तिथं करार झाला नाही. त्यांनाही आधार दक्षिण रेल्वेचाच होता, 2014 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. चेन्नईच्या बास्केटबॉलपटू अनिता पॉलदुराईही दक्षिण रेल्वेच्या. म्हणून तर सीनियर नॅशनलला महिलांच्या गटात रेल्वेचा एवढा दबदबा असतो.

पण फाइल जाड झाली की नोकरी लागते, हा गैरसमज मोठा आहे आणि तो असंख्य पालकांचा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. रेल्वेची स्पोर्ट्स कोट्याची जाहिरात निघते तेव्हा खेळ आणि संघातली जागा ठरलेली असते. संघाला सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी उंच खेळाडू, हवी असेल तर उत्तम गार्डचाही त्या वर्षी उपयोग नाही. वय 18 ते 25. शंभर गुणांपैकी 40 मैदानावरच्या चाचणीला, 50 खेळातल्या मान्यताप्राप्त कामगिरीला आणि 10 शिक्षण वगैरेला. त्या 40 पैकी 25 मिळाले नाहीत तर पुढचं काही बघतच नाहीत. कामगिरीही चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतलीच धरतात, आणि ती मुख्यतः राष्ट्रीय पातळीवर राज्याकडून खेळल्याची लागते. म्हणजे आज सोळा-सतराव्या वर्षी जमवलेली शालेय सर्टिफिकेटं ती 21 वर्षांची होईल तेव्हा तिथे कामाची नसतील. त्या दिवशी ती धडधाकट आणि खेळत असणं लागेल. तुम्ही जो पाय आत्ता लपवताय तोच तेव्हा चाचणीला उतरवायचा आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण तिथेही भरतीची परीक्षा द्यावी लागते आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते. 'पक्की' असं कुठलंच सर्टिफिकेट नाही.

आणि संघ असतो 12 जणींचा. अख्ख्या महाराष्ट्रातून 12. पुण्याची शिरीन लिमये त्यातून पुढे गेली आणि भारताची कर्णधार झाली, तेव्हा वाट आहे हे नक्की. फक्त ती लांबची आहे. अनिता पॉलदुराई सुमारे 18 वर्षं भारताकडून खेळल्या, बाळंतपणानंतर पुन्हा कोर्टवर उतरल्या, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इतकी वर्षं खेळायला काय लागतं याचा विचार करा. सूपवर राहिलेलं शरीर तिशीपर्यंत टिकत नाही.

उंचीची काळजी तुम्ही लिहिलीत. 5 फूट 4 इंच गार्डला अडचण आहे, पण दार बंद नाही. दबावाखाली चेंडू न गमावणं, डाव्या हातानंही तितकंच सफाईनं ड्रिबल करणं, 6.75 मीटरवरच्या तीन गुणांच्या रेषेबाहेरून विश्वासानं चेंडू बास्केटमध्ये मारणं, हे आलं तर निवड समिती इंच मोजत बसत नाही. त्यासाठी मांड्यांत ताकद लागते. वजन कमी करून ती येत नाही, खाऊन आणि ताकदीचा व्यायाम करून येते. जे कोच सोळा वर्षांच्या मुलीला आहारतज्ज्ञाचं नाव न देता 'वजन उतरव' म्हणतात, त्यांना नडगीचं आणि पाळीचं दोन्ही कळायला हवं. पाळीचं बोलायला तिला संकोच वाटत असेल तर ताई, तुम्ही बोला. त्यावरही कोचनी 'चाचणीपर्यंत ढकलू' असं म्हटलं तर कोच बदला.

आता आर्ट्स. घेऊ नका, निदान या कारणासाठी नको. वेळ वाचेल म्हणून शाखा बदलणारी मुलगी वाचलेला वेळ सरावात घालते आणि दुखापत झाली की तिच्या हातात खेळही राहत नाही, आवडीचा विषयही नाही. तिला इतिहास किंवा मानसशास्त्र आवडत असेल तर जरूर घ्यावं, तो तिचा निर्णय. सायन्स तिला झेपत असेल, तुमच्या पत्रावरून तर झेपतंय, तर फिजिओथेरपी, क्रीडाविज्ञान, आहारशास्त्र हे खेळाच्या जवळचे रस्ते खुले राहतात. पदवीनंतर बीपीएड ही शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंग डिप्लोमाही आहे. यातलं आज काहीच ठरवायची घाई नाही.

या आठवड्यात एवढं करा. दोन्ही डॉक्टरांची वेळ घ्या. ग्राउंडवर जाण्याआधी केळं किंवा दूध-खजूर, आल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता, डब्यात भाजी-पोळीबरोबर उसळ किंवा अंडी आणि रात्री भात-वरण, तूप घालून. डॉक्टर हो म्हणेपर्यंत उड्या आणि धावणं बंद. बसून किंवा उभ्यानं चेंडू हाताळायचा सराव चालेल का, ते त्यांनाच विचारा. दीड महिन्यावरची चाचणी यंदा सोडावी लागेल असं धरून चाला. ती रडेल. तुमचे यजमान चिडतील. वयोगटात तिचं अजून एखादं वर्ष शिल्लक आहे का ते जिल्हा संघटनेकडे जन्मतारीख दाखवून विचारून घ्या, आणि नसलं तरी सीनियर गटाला वयाची अट नसते हे तिला सांगा.

रिपोर्ट आल्यावर मला पुन्हा लिहा, पण पुढचं पत्र तिच्या हातचं हवं. तुम्ही दोघांनी ते न वाचता पाठवायचं. खेळायचंय का, किती खेळायचंय आणि खेळ नसेल त्या दिवशी तिला काय करावंसं वाटतं, एवढं तिनं लिहावं. करिअरचं मी तिच्याशी बोलेन.