एन्झाइम आपल्यातही आहे, मग गोळी मलेरियालाच कशी लागते?

प्रश्न: आम्ही घणसोलीला राहतो, शेजारी टॉवरचं काम चालू आहे, पावसाळ्यात मिस्टरांना फॅल्सिपेरम मलेरिया झाला. आता बरे आहेत. पण मुलगी बीएस्सीला आहे ती म्हणाली, बाबांच्या गोळ्यांमधलं एक औषध जंतूचं जे एन्झाइम बंद पाडतं ते आपल्याही शरीरात असतं. तेव्हापासून मनातून जात नाही, त्यांना काही अपाय झाला नसेल ना?
– एक वाचक, घणसोली

उत्तर: ताई, आधी काळजी सोडा. आणि मुलगी अगदी बरोबर बोलतेय.

आपल्याकडे फॅल्सिपेरमला आर्टेसुनेट तीन दिवस आणि पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देतात, त्यातलं पायरिमेथामिन म्हणजे तिचं ते औषध. ते डीएचएफआर नावाच्या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतं, मग जंतूला फोलेट हे जीवनसत्त्व वापरता येत नाही, डीएनए बनत नाही आणि वाढ थांबते. आपल्या डीएचएफआरची खाच जराशी वेगळी आहे, तिथे हे औषध फार कमी चिकटतं, एवढ्याशा फरकावर सगळं चाललंय. सल्फाडॉक्सिन जे एन्झाइम अडवतं ते तर आपल्यात नाहीच, कारण आपण फोलेट पालेभाजी-डाळीतून घेतो, जंतू स्वतः बनवतो.

पण जंतूही गप्प बसत नाही. त्याच्या डीएचएफआरमधलं १०८ नंबरचं एकच अमिनो आम्ल, म्हणजे एन्झाइमच्या साखळीतला एक मणी, बदललं, सेरीनच्या जागी मोठं अ‍ॅस्पॅराजिन आलं, की पायरिमेथामिन तिथे अडतं आणि एन्झाइमचं काम मात्र चालूच राहतं. पुढे असे बदल साठत गेले आणि जगात बऱ्याच ठिकाणी हे औषध निकामी झालं. थायलंडचे योंगयुथ युथावोंग यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं, २००३ मध्ये या एन्झाइमची त्रिमिती रचना प्रसिद्ध झाली आणि ती बघून त्यांच्या टीमने पी२१८ हा रेणू घडवला. तो लवचिक आहे आणि एन्झाइमचं नेहमीचं खाद्य जेवढ्या जागेत बसतं तेवढ्यातच बसतो, म्हणजे औषधाला बाहेर काढायचं तर जंतूला स्वतःचं खाद्यही अडवावं लागेल. मला ही कल्पना फार सुंदर वाटते, मुलीला नक्की सांगा! माणसांवरच्या पहिल्या चाचण्याही झाल्यात, पण केमिस्टकडे यायला अजून अवकाश आहे.

मिस्टरांना गोळ्या घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं असेल तर मात्र डॉक्टरांना सांगून ठेवा, काहींना सल्फाची अ‍ॅलर्जी असते. आणि महिन्याभरात परत ताप आलाच तर घरच्या घरी गोळ्या नकोत, त्याच दिवशी रक्त तपासा.