पन्नास हजार माणसांचा जिल्हा कशाला हवा? ल्यूशो-डानेनबेर्गमधून उत्तर

प्रश्न असा आहे: "जर्मनीत ल्यूशो-डानेनबेर्ग नावाच्या जिल्ह्यात नोकरी मिळते आहे. लोकसंख्या जेमतेम ४९ हजार. आपला एखादा तालुकासुद्धा याच्या कितीतरी पट असतो. एवढासा जिल्हा ठेवलाच कशाला? आणि तिथे जाऊन राहावं का?"

मी इथेच राहते. नवरा कारखान्यात आणि मी वृद्धाश्रमात परिचारिका. "ठेवलाच कशाला" हे वाक्य मी दर दिवाळीला आमच्या थोरल्या भाऊजींच्या तोंडून ऐकते. ते फ्रँकफुर्टला बँकेत आहेत. त्यामुळे उत्तर लांबेल, वाचायचं असेल तर वाचा.

"एवढासा" हा शब्द आधी बाजूला ठेवा. माणसं थोडी आहेत, जमीन थोडी नाही. क्षेत्रफळ १,२०० चौरस किलोमीटरच्या वर आहे. मुंबई शहर जिल्हा १५७ चौरस किलोमीटरचा, म्हणजे तसे सात इथे सहज मावतील. एका चौरस किलोमीटरला साधारण ४० माणसं. जुन्या पश्चिम जर्मनीच्या हद्दीत याच्याहून कमी लोकसंख्येचा जिल्हा नाही. आणि इथे माणसं कमी का, हे कळल्याशिवाय जिल्हा का ठेवला ते कळणार नाही.

नकाशा उघडा. नीडरझाक्सन राज्याची एक पाचर पूर्वेकडे घुसलेली दिसेल, ती पाचर म्हणजे आम्ही. ईशान्येला एल्बे नदी, पश्चिमेला द्राव्हेनचे जंगलाने झाकलेले टेकाड, मध्ये येट्झेल नदीचा सखल, ओलसर पट्टा. सगळ्यात उंच जागा १४२ मीटर, तिला इथे डोंगर म्हणतात. ल्यूनेबुर्ग आणि उएल्त्सेन हे दोनच शेजारी आमच्या राज्यातले. बाकी तिन्ही बाजूंना दुसरी राज्यं: मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न, ब्रांडेनबुर्ग आणि झाक्सन-आनहाल्ट. १९९० पर्यंत या तीन बाजूंना पूर्व जर्मनी होता. तीन दिशांना कुंपण, सुरुंग आणि पहारे, जायला एकच दिशा. एल्बेवरचे, पलीकडच्या काठावरच्या ड्योमित्स गावाला जोडणारे दोन पूल, एक रस्त्याचा आणि एक रेल्वेचा, एप्रिल १९४५ मध्ये बॉम्बने तुटले. रस्त्याचा पूल पुन्हा उभा राहिला डिसेंबर १९९२ मध्ये. रेल्वेचा कधीच नाही, त्याच्या कमानी आमच्या काठावर अजून उभ्या आहेत आणि नदीपाशी येऊन संपतात. सत्तेचाळीस वर्षं ज्या रस्त्याला पलीकडचं टोकच नाही, तिथे कारखाना कोण टाकणार आणि तरुण पोरं कशाला थांबणार? माणसं कमी झाली ती अशी. इथल्या लोकांच्या आळसाने नाही, हे भाऊजींसाठी.

कारभाराचा इतिहास थोडक्यात. हानोव्हरचं राज्य १८६६ मध्ये प्रशियाने गिळलं. १८८५ मध्ये प्रशियन पद्धतीचे जिल्हे आले, तेव्हा डानेनबेर्ग आणि ल्यूशो असे दोन वेगळे जिल्हे झाले. १ ऑक्टोबर १९३२ ला काटकसरीच्या नावाखाली ते एकत्र केले आणि नाव नुसतं डानेनबेर्ग ठेवलं. ल्यूशोकरांना ते कधी पचलं नाही. १९५१ मध्ये जोडनाव मिळालं. आज जिल्ह्याचं मुख्यालय ल्यूशोत आणि गाड्यांच्या पाटीवर मात्र 'डान', असा समेट आहे. सत्तरच्या दशकात नीडरझाक्सनने गावं आणि जिल्हे धडाधड एकत्र केले. १९७२ मध्ये आमची कित्येक खेडी कागदावरून गेली, पण १९७७ च्या जिल्हा-विलीनीकरणातून हा जिल्हा वाचला. माझ्या मते सीमेवरचा जिल्हा मोडण्याची हिंमत तेव्हा कुणाला झाली नाही. २००६ मध्ये जिल्ह्यातल्या गावांचे पाच संयुक्त गट होते त्यांचे तीन केले: एल्बटालाउए, ल्यूशो आणि गार्टो. जिल्हा तेव्हाही राहिला.

आता तुमचा मुख्य गैरसमज. तुम्ही जिल्हा म्हणताना कलेक्टर डोळ्यासमोर आणता. इथल्या जिल्ह्याचा प्रमुख, लांडराट, लोक थेट मत देऊन निवडतात. त्याच्या जोडीला निवडलेली जिल्हा परिषद असते. कचरा, शाळांच्या इमारती, बांधकाम परवाने, गाडीची नोंदणी, परदेशी लोकांचे व्हिसाचे कागद, मुलांचं संरक्षण आणि आपत्ती व्यवस्थापन, सगळं याच कार्यालयाकडे. राज्यात असे ३६ जिल्हे, शिवाय हानोव्हरचा प्रदेश आणि आठ स्वतंत्र शहरं आहेत. म्हणजे सरकारी साहेबाची कचेरी कमी आणि लोकांनी चालवलेली संस्था जास्त.

आपत्ती व्यवस्थापनावर थांबते, कारण माझं मत तिथे बनलं.

जून २०१३. एल्बेचा पूर अचानक येत नाही. आधी ड्रेस्डेन, मग माग्डेबुर्ग, आणि पाण्याचा फुगवटा आमच्याकडे पोहोचायला काही दिवस जातात. म्हणजे भीती हप्त्याहप्त्याने येते. २००२ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या, एल्बेकाठच्या हिट्झाकरचं जुनं गाव बुडालं होतं, २००६ मध्ये पुन्हा. त्यानंतर तिथे पूरभिंत बांधली आणि येट्झेल जिथे एल्बेला मिळते तिथे दरवाजे आणि मोठे पंप बसवले. कारण एल्बे चढली की येट्झेलला बाहेर पडायला वाट राहत नाही. दरवाजे बंद करून येट्झेलचं पाणी पंपांनी वर उपसून टाकावं लागतं, नाहीतर ते मागे सरकत डानेनबेर्गपर्यंत येतं. ही सगळी व्यवस्था खरी कसोटीला लागली ती २०१३ मध्ये. हिट्झाकरला पाणी ८ मीटरच्या वर गेलं, आधीच्या सगळ्या पुरांच्या वर.

आमचा वृद्धाश्रम बांधापासून लांब नाही. माझी रात्रपाळी होती. दिवसभर नवरा गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाबरोबर वाळूची पोती भरत होता. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर वाळू ओढत होते, सैन्याची पोरं पोती बांधावर चढवत होती. गावचा दलप्रमुख, जो एरवी बटाटे पिकवतो, त्याने दारात येऊन मला विचारलं, "तू आज रात्री कामावर आहेस ना? मग तुझी मुलं आमच्याकडे झोपू देत." त्याला माझी पाळी माहीत होती. मुलं त्यांच्या घरी झोपली.

मध्यरात्रीनंतर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षातून फोन आला. वृद्धाश्रम रिकामा करावा लागला तर कोण चालू शकतं, कोण खुर्चीवर, कोण पडून, ऑक्सिजनवर कोण, ही यादी त्यांना लगेच हवी होती. मी वाचायला लागले. एका आजींच्या नावाशी पलीकडची बाई म्हणाली, "त्यांना गाडीत उजव्या कुशीवर झोपवा, डाव्या खांद्याला त्रास आहे." ती त्यांची मुलगी होती. कक्षात टेबलाशी बसून साऱ्या जिल्ह्याच्या रुग्णवाहिका वाटत होती आणि त्या यादीत तिची स्वतःची आई होती. तिने आईला आधी उचला असं म्हटलं नाही. क्रम तोच ठेवला: आधी ऑक्सिजनवाले, मग अंथरुणाला खिळलेले. तिची आई दुसऱ्या फेरीत. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा माझे हात थरथरायचे थांबले.

पहाटेपर्यंत गाड्या फाटकाशी तयार उभ्या होत्या. गाद्या बाहेर काढलेल्या, औषधं नावांच्या पिशव्यांत. आजोबा-आजींना मी काय सांगणार? त्यांनी मलाच सांगितलं. त्यांच्यातल्या काहींनी १९४५ मध्ये पूर्वेकडून लहान मुलं म्हणून हातगाडीवर सामान टाकून ही नदी ओलांडली होती. एक आजी माझा हात धरून म्हणाली, "कोट घालून बसते, मग वेळ जात नाही." त्या सगळ्या जणी कोट घालून बसल्या.

हलवण्याचा आदेश आला नाही. १० जूनच्या रात्री वरच्या अंगाला, श्टेंडाल जिल्ह्यात फिशबेकजवळ बांध फुटला आणि पाणी तिकडच्या गावांत पसरलं. आमच्याकडचा ताण कमी झाला तो त्यांची घरं बुडाल्यामुळेही. हे इथे कुणी विसरत नाही.

दिवाळीला भाऊजींना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपत्ती कक्ष ल्यूनेबुर्गलाही चालला असता, आणि पैसे वाचले असते." त्यांच्याकडे उदाहरणंही तयार असतात: २०१६ मध्ये आमच्याच राज्यात ग्योटिंगेन जिल्ह्याला ओस्टेरोडे जिल्हा जोडला, जग बुडालं का? नाही बुडालं. पण भाऊजी नदीपलीकडे बघत नाहीत. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नने २०११ मध्ये बाराचे सहा जिल्हे केले. आमच्या समोरच्या काठावरचा लुडविग्सलुस्ट-पार्चिम ४,७०० चौरस किलोमीटरच्या वर गेला. माझी एक सहकारी ड्योमित्सहून रोज पूल ओलांडून कामाला येते. तिचं मुख्यालय लुडविग्सलुस्टला होतं ते पार्चिमला गेलं. लुडविग्सलुस्टला कार्यालय ठेवलंय, ते मान्य. पण निर्णय घेणारा माणूस तिने आता प्रत्यक्ष पाहिलेला नाही, आणि त्याने ड्योमित्सचा बांध पायी चालून पाहिलाय का ते तिला सांगता येत नाही. आमच्या श्नाकेनबुर्गच्या म्हाताऱ्याला ल्यूनेबुर्ग गाठायला दीड तास लागेल, तोही स्वतःची गाडी असेल तर. जिल्ह्यात महामार्ग नाही. ज्या बचतीचा हिशेब भाऊजी मांडतात तिच्यात हा म्हातारा कुठल्या रकान्यात आहे, ते त्यांनी मला एकदा दाखवावं.

गोरलेबेनचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. २२ फेब्रुवारी १९७७ ला राज्याचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेश्ट यांनी जाहीर केलं की देशाचा अणुकचरा इथे, गोरलेबेनच्या जमिनीखालच्या मिठाच्या थरात जाणार. सीमेवरचा कोपरा, विरळ वस्ती, गरीब शेतकरी, हे गप्प बसतील असा अंदाज असावा. मार्च १९७९ मध्ये हेच शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हानोव्हरला निघाले आणि तिथे पोहोचले तोवर सोबत लाखभर माणसं होती. इथे होऊ घातलेला, कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचा कारखाना रद्द झाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात जंगलात झोपड्या उभारून लोकांनी 'स्वतंत्र वेंडलांड प्रजासत्ताक' काढलं (वेंडलांड हे या भागाचं जुनं नाव), ते पोलिसांनी ३३ दिवसांनी उठवलं. १९९५ ते २०११ दरम्यान अणुकचऱ्याच्या तेरा गाड्या आल्या आणि प्रत्येक वेळी लोक रुळांवर बसले. सप्टेंबर २०२० मध्ये गोरलेबेनचं नाव कायमच्या जागेच्या यादीतून निघालं. या विरोधाची खूण असलेले पिवळे लाकडी फुल्यांचे खांब तुम्हाला अजून शेताशेताच्या कडेला दिसतील. शेजारी सांगतात तेव्हा अभिमानाने सांगतात आणि मलाही तो आपलाच वाटतो. भाऊजींचं एक म्हणणं इथे खरं आहे: ही लढाई कार्यालयाने नाही, शेतकऱ्यांनी लढली. जिल्हा मोठा असता तरी ते लढलेच असते. माझा मुद्दा बांधाचा आहे, तो याने खोटा पडत नाही.

आता राहावं की नाही. तुम्ही कामाचं स्वरूप लिहिलं नाही, म्हणून सरसकट सांगते. गाडी चालवता येत नसेल तर येऊ नका. डानेनबेर्गहून ल्यूनेबुर्गला आगगाडी आहे, तासाभराची, पण फेऱ्या मोजक्या, आणि ल्यूशोला प्रवासी गाडी जातच नाही. तज्ज्ञ डॉक्टर बहुतेक वेळा ल्यूनेबुर्गला गाठावे लागतात. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो आणि जंगलातल्या रस्त्यावर हरणं आडवी येतात. जर्मन न शिकता इथे भागणार नाही. हँबुर्गसारखी इंग्रजीवर चालणारी मंडळी नाहीत आणि मराठी मंडळ तर हँबुर्गलाच. बायको किंवा नवऱ्याला नोकरी हवी असेल तर आधी तिची सोय बघा, एका पगारावर इथे एकटेपणा फार येतो. हे मी वर लिहायला हवं होतं, पण तुम्ही "कशाला ठेवला" असं विचारलंत.

गाडी आणि भाषा जमत असेल तर या. घर ल्यूशोत किंवा डानेनबेर्गमध्ये घ्या. पहिल्या वर्षी गोल खेड्यात जाऊ नका. ती स्लाव लोकांच्या काळापासून तशीच बांधलेली, घरांची तोंडं मधल्या चौकाकडे वळलेली, दिसायला फार सुंदर गावं आहेत. ल्यूबेल्नला संग्रहालय आहे, तिथे जाऊन पाहा. पण तिथे तुमच्या घरी कोण आलं ते सगळ्यांना कळतं, त्याची सवय आधी व्हावी लागते. घर बघताना घरमालकाला २००२, २००६ आणि २०१३ मध्ये तळघरात पाणी आलं होतं का, हे स्पष्ट विचारा. तो खरं सांगेल. आणि राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात गावच्या अग्निशमन दलात नाव घाला, जर्मन कच्चं असलं तरी घेतात.