‘नृत्त’ ही मुद्रणातली चूक नव्हे

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : कथकच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘पूर्वार्धात नृत्त, उत्तरार्धात नृत्य’ असे छापलेले होते. त्यातला ‘नृत्त’ हा मुद्रणदोष समजायचा का? नसेल, तर नृत्त, नृत्य आणि आपला रोजचा नाच यांत नेमका फरक कोणता?

मुद्रणदोष नाही. नृत्त हा स्वतंत्र शब्द आहे, नृत्यापेक्षा तो शास्त्रग्रंथांत आधी स्थिरावलेला आहे, आणि नृत्याचे शिक्षण घेणाऱ्यांच्या बोलण्यात तो आजही रोज येतो. बाहेरच्या वाचकाला तो चुकीचा वाटतो याचे कारण एवढेच, की मराठीत सर्वसामान्य वापरात नृत्य हा एकच शब्द उरला आणि दोघांचे उच्चार इतके जवळचे आहेत की कानाला फरक पटकन कळत नाही.

व्युत्पत्ती पाहिली तर दोन्ही शब्द ‘नृत्’ या एकाच धातूपासून आलेले आहेत. पाणिनीय धातुपाठात तो ‘नृती गात्रविक्षेपे’, म्हणजे अवयवांची हालचाल करणे या अर्थी, दिला आहे. गै धातूपासून जसे गीत, तसे नृत् धातूपासून नृत्त. आणि कृत व कृत्य या जोडीत जो संबंध आहे तोच नृत्त आणि नृत्य या जोडीत आहे. पठ् धातूचे पठित होते, मग नृत् धातूचे ‘नृतित’ का होत नाही, अशी शंका एखाद्या चिकित्सकाला येईल. धातुपाठातल्या ‘नृती’ या रूपाला जोडलेला दीर्घ ई ही त्याची खूण आहे : अशी खूण असलेल्या धातूंना त-प्रत्यय लागताना मधला इ येत नाही, असे पाणिनीने सूत्रच केले आहे. थोडक्यात, व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ ‘नाचणे’ हाच. त्यांच्यात भेद पाडला तो नाट्यशास्त्रकारांनी.

तोही एकदम पडलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात चौथ्या अध्यायात १०८ करणे (हातापायांच्या एकत्रित हालचाली) आणि ३२ अंगहार (करणांच्या मालिका) सांगितले आहेत, आणि तिथे पारिभाषिक शब्द आहे तो नृत्त. त्याच अध्यायात ऋषी एक फार नेमका प्रश्न विचारतात : अर्थ पोचवण्यासाठी अभिनय आहे, मग गीताच्या अर्थाशी संबंध नसलेले हे नृत्त कशासाठी? उत्तर मिळते की नृत्ताला कोणत्याही अर्थाची अपेक्षा नसते. ते शोभा निर्माण करते म्हणून ते योजले आहे. मला हे उत्तर त्या ग्रंथातल्या सर्वांत धीट विधानांपैकी एक वाटते, कारण कलेने काहीतरी सांगितलेच पाहिजे हा आग्रह तिथे सरळ बाजूला ठेवलेला आहे. पुढे दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या आश्रयाला असलेल्या धनंजयाने दशरूपकात व्याख्या पक्क्या केल्या : अवस्थेचे अनुकरण ते नाट्य, भावावर आधारलेले ते नृत्य, आणि ताल व लय यांवर आधारलेले ते नृत्त. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत बसून शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला, त्याच्या सातव्या अध्यायात हीच त्रयी ‘नर्तन’ या व्यापक नावाखाली येते. गीत, वाद्य आणि नृत्त मिळून संगीत होते, हे त्याचे वचन मात्र अनेक पाठ्यपुस्तकांत ‘नृत्त’ऐवजी ‘नृत्य’ घालून दिलेले आढळते. म्हणजे आपल्या प्रश्नकर्त्याला जी चूक वाटली, तिची ‘दुरुस्ती’ छापखान्यांनी आधीच करून टाकलेली आहे.

रंगमंचावर हा फरक डोळ्यांना दिसतो. भरतनाट्यममधले अलारिप्पू, जतिस्वरम् आणि तिल्लाना हे नृत्त. पदम् आणि जावळी हे नृत्य. वर्णममध्ये दोन्ही आलटून पालटून येतात. कथकमध्ये आमद, तोडे, परणी, तत्कार हा नृत्तपक्ष, तर गतभाव आणि ठुमरी हा भावपक्ष. एकच हस्त, म्हणजे हाताची मुद्रा, घेऊन पाहा. बोटे सरळ जुळवून अंगठा किंचित वाकवला की पताका होतो. अलारिप्पूत हा हस्त खांद्याच्या रेषेत बाहेर जातो आणि परत येतो, तेव्हा त्याचा अर्थ विचारणे व्यर्थ असते; हाताची रेघ स्वच्छ आली आणि तालावर आली की झाले. तोच पताका पदात आला की अभिनयदर्पण या ग्रंथानुसार तो मेघ असू शकतो, वन असू शकते, नदी, रात्र किंवा ‘नको’ असे सांगणेही असू शकते, आणि यांपैकी काय ते नर्तिकेची नजर ठरवते.

असा भेद करण्याची गरज केवळ संस्कृतलाच वाटली असे नाही. जपानी परंपरेत सरकत्या, वर्तुळाकार हालचालींना माई, उसळत्या, तालबद्ध हालचालींना ओदोरी आणि अर्थ दाखवणाऱ्या हावभावांना फुरी म्हणतात. माई आणि ओदोरी यांची चिन्हे जोडून ‘बुयो’ हा नृत्यवाचक शब्द मेइजी काळात रूढ झाला. फुरी म्हणजे आपल्या अभिनयाच्या जवळची गोष्ट. वर्गवारी निराळी असली, तरी अर्थ दाखवणारी हालचाल वेगळी ओळखावी ही निकड तीच आहे.

आता नाच. नृत्य या शब्दाचे प्राकृत रूप णच्च आणि त्यापासून मराठी नाच, जसे अद्य, अज्ज, आज किंवा हस्त, हत्थ, हात. म्हणजे नृत्य आणि नाच हे मुळात एकच शब्द आहेत. एक ग्रंथातून आला, दुसरा तोंडातून. नाचला हलकेपणा जन्मतः चिकटलेला नाही. ‘नाचू कीर्तनाचे रंगी’ असे म्हणताना नामदेवांना हा शब्द कमी प्रतीचा वाटला नव्हता. तमाशातला नाच्या, इंग्रजांच्या तोंडचा ‘नॉच’, १८९०च्या दशकात मद्रासकडे सुरू झालेली नाचविरोधी चळवळ, यांतून तो बदनाम होत गेला. त्यानंतर प्रतिष्ठितांच्या घरातल्या मुली नाच शिकेनाशा झाल्या आणि नृत्य शिकू लागल्या. १९३०च्या दशकात दक्षिणेतल्या नृत्याचे सदिर हे जुने नाव मागे पडून भरतनाट्यम हे नाव पुढे आले, त्यामागेही प्रतिष्ठेची हीच ओढ होती. गंमत अशी, की शास्त्राच्या काटेकोर भाषेत ज्याला नृत्त आणि नृत्य म्हणायचे, त्याच्या नावात नाट्य येऊन बसले.

लोकपरंपरेत मराठीने क्रियापदे निराळीच योजली आहेत. लेझीम, झिम्मा, टिपऱ्या आपण खेळतो. पिंगा आणि गोंधळ घालतो. बोहाड्यात सोंगे नाचवतो. दशावताराचा तर खेळच असतो. नाचणे आणि खेळणे यांची ही सरमिसळ दक्षिणेतही आहे : तमिळ ‘आडु’ या धातूत दोन्ही अर्थ आहेत आणि कथकळीतली ‘कळी’ म्हणजे खेळच. धनंजयाची फूटपट्टी लावली तर लेझीम हे शुद्ध नृत्त ठरते, कारण त्यात भावाचा प्रश्न नाही, फक्त ताल, लय आणि रांगांची रचना आहे. मुखवटे घालून येणारा बोहाडा मात्र नाट्याच्या जवळ जातो. तरीही ‘लोकनृत्त’ असा शब्द कोणी घडवू नये असे माझे मत आहे. लोकनृत्य हा शब्द रुळलेला आहे, त्याने कोणाची फसगत होत नाही, आणि तारपा नाच किंवा बाल्या नाच यांना तर नाच हेच नाव शोभते.

वापरापुरते सांगायचे, तर सर्वसामान्य लेखनात नृत्य पुरेसे आहे; अभिनयविरहित भाग वेगळा दाखवायचा असेल तिथेच नृत्त लिहावे, आणि लिहिलेच तर मुद्रितशोधकाला आधी कल्पना द्यावी. ‘नृत्त्य’ हे रूप मात्र कुठेच ग्राह्य नाही. नृत्तहस्त, नृत्तपक्ष, नृत्तप्रधान या सामासिक शब्दांत तर त्त राखणे आवश्यक आहे, कारण नृत्तहस्त म्हणजे अर्थ न दाखवणारा हस्त, आणि त्याचा नृत्यहस्त केला की ती संज्ञाच नाहीशी होते.