ट्राउट नाशिकजवळ मिळेल का?

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही कॉलेज रोडला राहतो. मागच्या मे मध्ये हिमाचलला गेलो होतो, तिथे तीर्थन नदीत एकजण फ्लाय फिशिंग करत होता, ते बघून मुलं तेव्हापासून मागे लागलीयेत आणि ह्यांनी तर ऑनलाइन रॉडही मागवला. आता आम्ही, दीर-जाऊ, सासरे आणि शेजारचे असे बारा जण एक दिवसाची ट्रिप काढतोय. ट्राउट कुठे मिळेल, भंडारदऱ्याला थंडी असते तिथे? आणि दिवाळीत परत हिमाचलला जावं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी सरळच सांगतो, भंडारदऱ्याला ट्राउट नाही आणि नाशिकच्या कुठल्याच धरणात नाही. थंडी हवेत असून भागत नाही, पाणी बारा महिने गार असावं लागतं. ट्राउटला साधारण १० ते १८ डिग्रीचं पाणी मानवतं. १० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलीग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० डिग्रीला तोच साडेसातवर येतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात काठचं पाणी किती तापतं ते पाय घालून बघा, त्यात तो मासा गुदमरेल. हा मासा मुळात आपल्या देशातला नाहीच, इंग्रजांनी अंडी आणून काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा गार ठिकाणी वाढवला.

पण म्हणून ट्रिप रद्द करू नका हो! रॉड आलाय तर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जा, तिथे चिलापी आहे, आणि बारकी फ्लाय, म्हणजे गळावर दोरा-पिसं बांधून केलेला खोटा किडा, पाण्यात बुडू देऊन हळूहळू ओढली की चिलापी धरते, मी स्वतः धरलीये. जायच्या आधी मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडे आहे त्यांना विचारा, बहुतेक धरणांवर ठेका असतोच. नांदूर मध्यमेश्वरला मात्र गळ घेऊन जायचं नाही, ते पक्षी अभयारण्य आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तिथे दुर्बीण न्या.

आता खरं काम सांगतो. आपल्या नेहमीच्या गळाला शिसं असतं, त्या वजनानं दोरी लांब जाते. फ्लाय म्हणजे नुसता दोरा आणि पिसं, तिला वजनच नाही, इथे लाइनच जड असते आणि ती फेकायची असते. म्हणून रॉड मागे नेला की थांबायचं, लाइन पाठीमागे पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे आणायची. घाई केली की चाबकासारखा फट्ट आवाज येतो, आणि तो आला की फ्लाय तुटून गेलेली असते. हे पाण्यावर शिकू नका. दोन रविवार सकाळी मोकळ्या मैदानावर फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधून सगळ्यांनी पाळीपाळीनं करा, सासऱ्यांनाही द्या, याला ताकद लागत नाही, त्यांना कदाचित तुमच्या आधी जमेल.

बारा जण आहात म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ही दोरी मागे तीस-तीस फूट जाते आणि मागे कोण बसलंय ते फेकणाऱ्याला दिसत नाही. आमच्या एका ट्रिपला भाचा मागून पळत आला आणि गळ त्याच्या कानाच्या पाळीत रुतला, उलटा काटा होता म्हणून निघेना, दवाखान्यात जाऊन भूल देऊन काढावा लागला, ते पोरगं रडलं नाही पण माझे हात दिवसभर थरथरत होते. तेव्हापासून मी घरीच पक्कडीनं प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करतो आणि टोपी, चष्म्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. सतरंजी, डबे, लहान मुलं सगळं बाजूला बऱ्याच अंतरावर, मागे कुणीही नाही. एकावेळी एकच रॉड.

मिसळ खाऊन निघू असं करू नका, दहा वाजतील आणि ऊन चढलं की मासा खोल जातो. उजाडताना पाण्यावर असा, मिसळ परत येताना खा. मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो गेला की माशाला रोग धरतो. पावसाळ्यात, धरणातून पाणी सोडत असताना नदीकाठी अजिबात जायचं नाही.

दिवाळीचं म्हणाल तर तारीख बघा. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते, तो त्यांच्या अंडी घालायचा काळ, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात आली तर हात हलवत परत याल. जुलै-ऑगस्टला पाणी गढूळ. मुलांची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये जा, मत्स्य विभागाचं लायसन्स तिथे गेल्यावर आधी काढा, आणि तोवर गंगापूरला हात बसलेला असेल.